परक्या पेढीवरचा मुनीम

दीपावलीला भगवान महावीरांच्या निर्वाणाचे आणि गौतम गणधरांच्या केवलज्ञानाचे स्मरण करून व्यापारी कुटुंबांत नव्या वहीचे पूजन होते. वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. अलीकडे वहीशेजारी ठेवलेल्या संगणकालाही हळदकुंकू लावले जाते, कारण कीर्द आणि खतावणी आता त्याच्याच पोटात असते. वीर निर्वाण संवत २५५२ चा प्रारंभ ज्या दिवाळीत झाला, त्या २०२५ च्या दिवाळीत मात्र या पूजेत थोडी चिंता मिसळलेली होती. आदल्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबर रोजी, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार काढून घेतला होता. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली असंख्य दुकानांत, गोदामांत आणि कार्यालयांत रुळलेली होती.

यात चमत्कारिक गोष्ट अशी की, १३ तारखेला चालणारा संगणक १५ तारखेलाही तसाच चालत होता. पडदा उजळत होता, बिल छापले जात होते, शिल्लक जुळत होती. नवी ‘विंडोज ११’ घालू पाहिली, तर अनेक संगणकांवर सूचना येई की, हे यंत्र आवश्यक अटी पूर्ण करीत नाही. यंत्र बिघडलेले नाही, आणि तरीही ते निरुपयोगी ठरवले गेले आहे, या विचित्र अवस्थेत व्यापाऱ्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘भंगारात काढा, नवा घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘काही खटपट करू, बसवून देतो.’ दोन्ही सल्ले घाईचे आहेत. कारण ‘हे या यंत्रावर चालणार नाही’ या एका वाक्याचे तीन निरनिराळे अर्थ असू शकतात, आणि प्रत्येक अर्थाचा उपाय वेगळा आहे. त्या त्या उपायाचे नैतिक मूल्यही वेगळे आहे. एखाद्या यंत्रासाठी न घडवलेली प्रणाली त्या यंत्रावर चालवून दाखवण्याच्या प्रयत्नांना आता अर्धशतक होत आले आहे. तो इतिहास चाळला की हे तीन अर्थ स्वच्छ उलगडतात.

मुनीम आणि पेढी

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नेमके काय, हे समजण्यास पेढीचा दृष्टांत पुरेसा आहे. संगणकाचे यंत्रभाग म्हणजे पेढीची इमारत, तिजोरी, तराजू आणि गोदाम. हिशेबाचे, पत्रलेखनाचे किंवा चित्रांचे सॉफ्टवेअर म्हणजे पेढीवर काम घेऊन येणारी मंडळी. या दोहोंच्या मध्ये जो बसतो, कोणाला कोणती जागा द्यावयाची, तिजोरी केव्हा उघडावयाची, एकाच वेळी दोघांनी तराजू मागितला तर कोणाला आधी द्यावयाचा, हे सारे ठरवतो, तो मुनीम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. गिऱ्हाइकाला तिजोरीची किल्ली कोठे आहे हे ठाऊक नसते. ती मुनिमालाच ठाऊक असते.

आता हाच मुनीम दुसऱ्या पेढीवर नेऊन बसवला, तर त्याला तीन अडचणी येऊ शकतात. पहिली अडचण भाषेची आहे. त्या पेढीचे हिशेब वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या लिपीत लिहिले जात असतील, तर त्याचे शहाणपण तेथे कामाचे नाही. दुसरी अडचण ओळखीची आहे. भाषा एकच असली तरी कोणती किल्ली कोणत्या कुलुपाची, तराजूचा काटा किती हलका, गोदामाचे दार कसे उघडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तिसरी अडचण अनुमतीची आहे. भाषा येते, सगळे ठाऊकही आहे, परंतु जुन्या मालकाने करारात लिहून घेतले आहे की, या मुनिमाने दुसऱ्याच्या पेढीवर बसावयाचे नाही. भाषा, ओळख आणि अनुमती या तीन अडचणी वरवर सारख्याच दिसतात, कारण तिन्हींत परिणाम एकच असतो, तो म्हणजे काम होत नाही. परंतु पहिली यंत्राची मर्यादा आहे, दुसरी माहितीची, आणि तिसरी माणसाने घातलेली.

भाषेची अडचण : युनिक्सचा प्रवास

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन यांनी ‘पीडीपी-७’ नावाच्या संगणकावर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. तीच पुढे ‘युनिक्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टीम थेट यंत्राच्या स्वतःच्या आज्ञांत लिहिली जाई. त्यामुळे यंत्र बदलले की सारे लिखाण नव्याने करावे लागे. ‘पीडीपी-११’ हा नवा संगणक आल्यावर थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी डेनिस रिची यांना हाच अनुभव आला.

रिची यांनी याच सुमारास ‘सी’ ही संगणकभाषा घडवली, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा बहुतेक भाग त्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. ‘सी’ ही कोणत्याही एका यंत्राची बोली नव्हती. तिचे रूपांतर करणारा कम्पायलर, म्हणजे दुभाषा, ज्या यंत्रासाठी तयार करावा, त्या यंत्राच्या बोलीत तो मूळ मजकूर उतरवून देई. त्यामुळे एक नवीच शक्यता निर्माण झाली. सारी प्रणाली नव्याने लिहिण्याऐवजी केवळ नवा दुभाषा तयार केला आणि यंत्राला थेट स्पर्श करणारा थोडासा भाग बदलला, तर काम भागेल काय?

१९७७ च्या सुमारास या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीच्या दोन टोकांना, स्वतंत्रपणे शोधले गेले. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी ‘इंटरडेटा ७/३२’ या संगणकावर युनिक्स चालवून दाखवली. बेल लॅब्जमध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी त्याच घराण्यातील ‘इंटरडेटा ८/३२’ हा संगणक निवडला. पीडीपी-११ एका वेळी १६ अंशांचा शब्द हाताळी, तर इंटरडेटा ३२ अंशांचा. म्हणजे पेढी केवळ दुसरी नव्हती, तिचे मापही निराळे होते.

या प्रवासात एक अडथळा असा होता की, तो मराठी माणसाला इंग्रजाहून अधिक लवकर कळावा. इंग्रजीत २५ हा आकडा उच्चारताना आधी वीस आणि मग पाच येतात. मराठीत आपण ‘पंच-वीस’ म्हणतो, आधी पाच आणि मग वीस. आकडा तोच, मोजण्याचा क्रम उलटा. संगणकांचेही असेच आहे. काही यंत्रे संख्येचा लहान भाग आधी साठवतात, काही मोठा भाग आधी. एका क्रमाने लिहिलेला मजकूर दुसऱ्या क्रमाच्या यंत्राने वाचला, तर अक्षरांच्या जोड्या उलटतात आणि ‘युनिक्स’ या शब्दाच्या चार इंग्रजी अक्षरांचा ‘नुक्सी’ होतो. संगणकशास्त्रात या दोषाला आजही ‘नुक्सी’ हेच नाव आहे. व्यापाऱ्याला हे हसण्यावारी नेता येणार नाही. ५२ रुपयांचे २५ रुपये वाचले गेले, तर कोणाची तरी खतावणी बुडते.

या प्रयोगांतून सिद्ध झाले की, भाषेची अडचण खरी असली तरी ती अजिंक्य नाही. यंत्रावर अवलंबून असलेला भाग थोडा आणि वेगळा ठेवला, की उरलेली प्रणाली कोठेही नेता येते. पुढे भारतीय बँकांच्या शाखांत संगणक आले, तेव्हा अनेक ठिकाणी युनिक्सच्याच कुळातील प्रणाली होत्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच पद्धतीने काम होऊ शकते, याचा तो प्रत्यय होता.

याच कुळाशी नाते सांगणाऱ्या ‘लिनक्स’ची कथा आणखी बोलकी आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. ती केवळ ‘इंटेल ३८६’ या प्रोसेसरसाठी होती आणि दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगी नाही, असे त्याने स्वतःच सांगून टाकले होते. १९९४ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जॉन हॉल यांनी त्याला आपल्या कंपनीचा ६४ अंशांचा ‘अल्फा’ संगणक मिळवून दिला. टोरवाल्ड्सने लिनक्सची मांडणी त्या निमित्ताने नव्याने केली, आणि १९९५ च्या आवृत्तीत ती अल्फावरही चालू लागली. जी प्रणाली एकाच यंत्राची म्हणून जन्मली, तिचाच गाभा आज अँड्रॉइड फोनमध्ये आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणकावर तीच आहे. एखाद्या यंत्रासाठी घडवलेले नाही, याचा अर्थ त्या यंत्रावर कधीच चालणार नाही असा नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

ओळखीची अडचण : न सांगितलेली किल्ली

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतः घडवलेल्या ‘एम१’ या प्रोसेसरचे संगणक बाजारात आणले. हा प्रोसेसर ‘एआरएम’ या सुपरिचित घराण्याचा होता आणि लिनक्सला ती बोली आधीपासून येत होती. म्हणजे भाषेची अडचण नव्हती. अनुमतीचीही नव्हती, कारण मालकाने स्वतःच्या मॅक संगणकावर दुसरी प्रणाली सुरू करावी, यासाठी ॲपलने अधिकृत वाट मोकळी ठेवली होती. अडचण एवढीच होती की, आतील यंत्रभागांची माहिती ॲपलने कोणालाही दिली नव्हती. चित्र उमटवणारा भाग, आवाजाचा भाग, वीज वाचवणारा भाग, यांतील कोणत्या भागाला कोणत्या खुणेने बोलावयाचे, याचे कोठेही लिखित वर्णन नव्हते. पेढी उघडी होती, पण किल्ल्यांचा जुडगा अनोळखी होता.

हेक्टर मार्टिन यांच्या पुढाकाराने २०२१ च्या आरंभी ‘असाही लिनक्स’ हा प्रकल्प उभा राहिला. सफरचंदाच्या ज्या जातीवरून ‘मॅकिंटॉश’ हे नाव आले, तिला जपानीत ‘असाही’ म्हणतात. या मंडळींनी ॲपलचा मजकूर चोरला नाही. त्यांनी एक अतिशय पातळ थर तयार केला आणि त्याच्यावर ॲपलचीच प्रणाली चालू दिली. ती प्रणाली यंत्राला काय सांगते आणि यंत्र काय उत्तर देते, याची प्रत्येक नोंद तो थर करीत गेला. नवखा उमेदवार जुन्या मुनिमाच्या मागे शांत बसून कोणती किल्ली कोणत्या कुलुपाला लागते हे टिपून ठेवतो, तसाच हा प्रकार होता. त्या नोंदींचा अर्थ लावून त्यांनी स्वतःचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्रभाग हाताळणारे छोटे कार्यक्रम, नव्याने लिहिले. मार्च २०२२ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती आली. त्याच वर्षाच्या अखेरीस, ॲलिसा रोझेनझ्वाइग आणि सहकाऱ्यांच्या कामामुळे, चित्रभागाचा ड्रायव्हरही प्रथमच लोकांच्या हाती आला.

या कामातील एक प्रसंग विशेष मननीय आहे. या लॅपटॉपमधील इवलेसे स्पीकर मोठा आवाज देतात, कारण ॲपलची प्रणाली त्यांच्या आतील तारेचे तापमान सतत अजमावत असते आणि ते वाढू लागले की आवाज आवरते. हे भान नसलेली प्रणाली त्यांना बेफाम वाजवू लागली, तर स्पीकर जळू शकतात. म्हणून असाहीच्या मंडळींनी आवाज देता येत असूनही बराच काळ स्पीकर बंदच ठेवले. तापमानावर लक्ष ठेवणारा आपला स्वतंत्र कार्यक्रम तयार झाल्यावरच ते सुरू केले. यंत्राची राखण करणारे ज्ञान कित्येकदा यंत्रात नसते, ते मूळ प्रणालीत असते. मुनीम बदलला की ती राखणही जाते. परक्या यंत्रावर प्रणाली बसवणाऱ्या प्रत्येकाने हा विवेक शिकावा. ‘चालले’ म्हणजे ‘सुरक्षित चालले’ असे नव्हे.

अनुमतीची अडचण : न्यायालयात गेलेला संगणक

तिसऱ्या अडचणीचे सर्वांत स्पष्ट उदाहरणही ॲपलच्याच इतिहासात सापडते. २००६ पासून ॲपलने आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर वापरण्यास प्रारंभ केला. साध्या संगणकांतही तेच प्रोसेसर असल्यामुळे भाषेचा अडसर एका फटक्यात नाहीसा झाला. हौशी मंडळींनी ओळखीच्या अडचणीवरही मात केली आणि ॲपलची प्रणाली साध्या संगणकांवर चालू लागली. अशा संगणकाला ‘हॅकिंटॉश’ म्हणू लागले.

२००८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील सायस्टार या कंपनीने असे संगणक तयार करून विकण्यास सुरुवात केली. ॲपलच्या परवान्यात मात्र स्पष्ट अट होती की, ही प्रणाली केवळ ॲपलचे चिन्ह असलेल्या संगणकावरच वापरावयाची. सायस्टार प्रणालीच्या प्रती विकत घेत असल्याचे सांगे. प्रश्न पैशांचा नव्हता, शर्तीचा होता. ॲपलने त्याच वर्षी दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निर्णय दिला, डिसेंबरमध्ये कायमचा मनाई हुकूम निघाला, आणि २०११ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही मूळ निर्णय कायम ठेवला. यंत्र समर्थ होते, प्रणाली चालत होती, गिऱ्हाईकही होते, आणि तरीही तो व्यवहार अवैध ठरला.

या कथेला एक उत्तरार्ध आहे. ॲपलने २०२० पासून आपल्याच प्रोसेसरची वाट धरली आणि २०२५ मध्ये जाहीर केले की, त्या वर्षीची ‘टाहो’ ही आवृत्ती इंटेल संगणकांवर चालणारी शेवटची असेल. न्यायालयाने जी वाट अनुमतीअभावी बंद केली, ती आता भाषेमुळेही बंद होत आहे.

एका सूचनेत तीन अडचणी

आता दुकानातल्या त्या सूचनेकडे पुन्हा पाहता येईल. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’ च्या अटींत किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ‘सिक्युअर बूट’ची सोय, ‘टीपीएम २.०’ नावाचा सुरक्षाभाग आणि मान्य यादीतील प्रोसेसर यांचा समावेश आहे. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद वगळता, २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते.

२०१६ मध्ये घेतलेला संगणक या यादीबाहेर पडतो. परंतु त्याच्या प्रोसेसरला विंडोज ११ ची बोली येत नाही असे नाही. तेथे अडचण मुख्यतः अनुमतीची आहे. मायक्रोसॉफ्टची बाजूही ऐकली पाहिजे. टीपीएम हा भाग गुप्त किल्ल्या प्रोसेसरच्या नेहमीच्या कामापासून वेगळ्या, बंदिस्त जागी ठेवतो. संगणकावरील हल्ले वाढत असताना किमान संरक्षण सर्वत्र सारखे असावे, हा आग्रह निरर्थक नव्हे. याउलट अगदी जुन्या, २००८ च्या आधीच्या संगणकांची गोष्ट निराळी आहे. २०२४ पासूनच्या विंडोज ११ ला काही विशिष्ट आज्ञा समजणारा प्रोसेसर लागतो, आणि ज्याला त्या समजत नाहीत तो संगणक सुरूच होत नाही. ती भाषेची अडचण आहे, आणि कोणत्याही खटपटीने ती सुटणार नाही. शिवाय संगणक चालला तरी जुना छापयंत्र किंवा स्कॅनर ओळखलाच गेला नाही, तर ती ओळखीची अडचण होय. ड्रायव्हर मिळाला की ती मिटते.

म्हणजे ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की यांतील कोणती अडचण दूर केली जाणार आहे? अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवता येते, हे खरे. परंतु अशा संगणकाला पुढील दुरुस्त्या मिळण्याचा हक्क राहणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवले आहे. आज चालते, उद्याची हमी नाही. हे जामीनदाराशिवायच्या कर्जासारखे आहे. घरच्या लहानसहान कामासाठी एखादा ते स्वीकारीलही. जेथे दहा वर्षांची खतावणी आहे, तेथे ते स्वीकारणे शहाणपणाचे नव्हे.

निर्णय घेताना

व्यापारी कुटुंबापुढे प्रत्यक्षात चार वाटा असतात. पहिली, मुदत वाढवून घेण्याची. वैयक्तिक वापराच्या विंडोज १० संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली, आणि व्यवसायांसाठी वेगळी, सशुल्क योजना ठेवली. ही मुदत निर्णय टाळण्यासाठी नव्हे, तर नीट घेण्यासाठी वापरावी. दुसरी वाट नव्या संगणकाची, तिसरी जुन्या संगणकावर लिनक्स बसवण्याची, आणि चौथी जुना संगणक इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून मर्यादित कामासाठी ठेवण्याची.

लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात आणि त्यांचा परवानाच प्रत काढण्याची, वाटण्याची मोकळीक देतो. त्यामुळे अनुमतीचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. पत्रव्यवहार, ईमेल, इंटरनेट, मुलांचा अभ्यास यांसाठी दहा वर्षांपूर्वीचा संगणकही त्यावर सुखाने चालतो. परंतु टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी घडवलेले आहे. ‘वाइन’ नावाचा दुभाषा विंडोजचे कित्येक कार्यक्रम लिनक्सवर चालवतो, पण सर्वच नव्हे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बिलाचे छापयंत्र, बारकोड वाचणारे यंत्र यांचे ड्रायव्हर मिळतात की नाही, हे आधी पाहावे लागते. विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखले गेले नाही, तर वाचवलेल्या पैशांपेक्षा दंड आणि मनस्ताप अधिक होईल.

यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सर्व हिशेबांच्या दोन प्रती घ्याव्यात, त्यांतील एक दुकानाबाहेर ठेवावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते की नाही हे तपासावे. न तपासलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश. मग लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. हार्ड डिस्कला हात न लावता संगणक, छापयंत्र आणि इंटरनेट यांची ओळख पटते का, हे अशा रीतीने कळते. नंतर कामांची वाटणी करावी. हिशेब, बँक आणि कर यांचे काम ज्याला पूर्ण आधार आहे अशाच संगणकावर असावे. जुन्या संगणकाला पत्रव्यवहार, मालाची यादी किंवा पाठशाळेतील मुलांचा सराव अशी हलकी कामे द्यावीत. वयस्क मुनिमाला घरी बसवण्याऐवजी झेपेल ते काम देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

जो संगणक खरोखरच निकामी झाला, त्याची विल्हेवाटही विचारपूर्वक लावावी. त्यातील माहिती पुसून टाकावी आणि तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा हाच उद्देश आहे. उघड्यावर तारा जाळून तांबे काढले जाते, तेव्हा निघणारा विषारी धूर जाळणाऱ्याच्या फुफ्फुसांत जातो आणि माती-पाण्यातील असंख्य जीवांपर्यंत पोहोचतो. भंगारवाल्याने दोन रुपये अधिक दिले म्हणून ही हिंसा आपल्या खात्यावरून कमी होत नाही.

व्रतांची कसोटी

या साऱ्या तांत्रिक चर्चेत श्रावकाच्या दोन अणुव्रतांची कसोटी लागते. अपरिग्रह-अणुव्रत, म्हणजेच परिग्रह-परिमाण, सांगते की, गरजेपलीकडे संग्रह करू नये. जे चालते ते केवळ नवे आले म्हणून टाकणे, हे संग्रहाचेच दुसरे रूप होय. या व्रताच्या दृष्टीने जुन्या यंत्राला नवे आयुष्य देणे प्रशंसनीय आहे. परंतु लगेच अचौर्यव्रत उभे राहते. न दिलेले घेऊ नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरून आणलेला माल स्वीकारणे, म्हणजे ‘तदाहृतादान’, आणि खऱ्याच्या जागी बनावट वस्तूचा व्यवहार करणे, म्हणजे ‘प्रतिरूपक व्यवहार’, हे दोन्ही आहेत. परवाना नसलेली विंडोज किंवा कुलूप तोडलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर जेव्हा ‘सगळेच वापरतात’ म्हणून दुकानात येते, तेव्हा या अतिचारांची आठवण व्हावी. तराजूत खोट न ठेवणाऱ्या पेढीने संगणकात ती का ठेवावी?

येथेच भाषा, ओळख आणि अनुमती हा भेद उपयोगी पडतो. भाषेची अडचण बुद्धीने सुटते. वोलोंगाँगमध्ये ती तशीच सुटली. ओळखीची अडचण निरीक्षणाने आणि धीराने सुटते. असाहीच्या मंडळींनी ती स्पीकर न जाळता सोडवली. अनुमतीची अडचण मात्र बुद्धीने सोडवावयाची नसते. तेथे एकतर अनुमती मिळवावी, नाहीतर जेथे अनुमती आहे असा दुसरा मार्ग धरावा. सायस्टारच्या संगणकांत तंत्राची चूक नव्हती. तिसऱ्या अडचणीला पहिलीसारखी वागणूक दिली गेली, एवढीच त्यांची चूक होती.

पुढच्या दीपावलीला वहीशेजारी जो संगणक असेल, तो नवा असो वा जुना, त्याच्यावर बसलेला मुनीम मालकाच्या संमतीने आलेला असावा, पेढीची सर्व कुलुपे त्याला ठाऊक असावीत, आणि त्याने लिहिलेल्या हिशेबाची एक प्रत सुरक्षित ठिकाणी ठेवलेली असावी. एवढे असले, की पूजेचे कुंकू लावताना मनात शंका उरणार नाही.